कै. रमाबाई रानडे व परिचर्येची विद्या

पिंपरी-चिंचवडपासून भोसरीवरून चाकणपर्यंत जो कारखान्यांचा पट्टा पसरला आहे, त्यांतील यंत्रांची, मालाची व मजुरांची मोजदाद वारंवार होत असते. परंतु यंत्रांत सांपडलेला हात घेऊन मजूर रुग्णालयांत आला, किंवा त्याच्या घरीं बाळंतीण अडली, म्हणजे रात्रंदिवस ज्यांच्या स्वाधीन तीं माणसें होतात त्यांचा विचार करण्यास आम्हांस सवड होत नाहीं. ह्या पिंपरींतच १९५४ सालीं सरकारी मालकीचा पेनिसिलिनचा कारखाना निघाला. पण औषध कितीही मुबलक झालें तरी तें वेळच्या वेळीं देणारें, जखम धुणारें, तापलेल्या कपाळावर हात ठेवणारें माणूस कोणत्याही कारखान्यांत तयार होत नाहीं. तें शिकवून तयार करावें लागतें. तसें शिक्षण देणारीं विद्यालयें आज ह्या शहरांत आहेत, आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुली, व अलीकडे कांहीं मुलगेही, त्यांत येऊन राहतात.

ह्या विद्यार्थ्यांविषयीं आमच्या व्यापारी व नोकरदार गृहस्थांचें मत विचारून पाहावें. सेवा, त्याग, ममता असे मोठमोठे शब्द ऐकूं येतील. मग तीच मुलगी सून म्हणून पत्करण्याचा प्रश्न काढावा, म्हणजे रात्रपाळीचा विषय निघतो, परपुरुषाच्या अंगास हात लावण्याचा विषय निघतो, आणि थोड्याच वेळांत बोलणें बाजारभावाकडे वळतें. मुलगा ही विद्या शिकतो असें कळलें तर इतकेंही बोलणें होत नाहीं. ऐकणारास हंसूं मात्र येतें. २०२० सालच्या मार्च महिन्याच्या २२ तारखेस आम्ही सर्वांनीं गच्चीवर उभे राहून थाळ्या वाजविल्या, आणि त्याच वर्षीं देशांत ठिकठिकाणीं परिचारिकांस भाड्याच्या खोल्या सोडण्यास सांगण्यांत आलें. थाळी वाजविणारा व दार लावणारा कांहीं ठिकाणीं एकच होता, हें कबूल करण्यास आम्हांस लाज वाटते; पण कबूल केलें पाहिजे.

हा दुटप्पीपणा नवा नाहीं. पुण्यांत ज्या बाईंनीं सभ्य म्हणविणाऱ्या घरांतील मुलींस ही विद्या संघटितपणें शिकविण्याचें धाडस केलें, त्यांना तो पदोपदीं आडवा आला. कै. रमाबाई रानडे हें नांव बहुतेक वाचकांस न्यायमूर्तींची पत्नी म्हणून ठाऊक असतें. त्यांच्या चरित्राचा जो भाग रुग्णालयाच्या दारांतून जातो, तो आज आम्हांस सांगावयाचा आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, हल्लींच्या सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे गांवच्या कुर्लेकरांच्या घरांतला. १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, त्यांचा विवाह माधवराव रानडे यांच्याशीं झाला. माधवराव तेव्हां एकतीस वर्षांचे, नुकतेच विधुर झालेले, आणि विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते. वडिलांच्या आग्रहापुढें त्यांनीं मान तुकविली व कुमारिकेशीं लग्न केलें. ह्याबद्दल लोकांनीं त्यांस जो दोष दिला तो आम्हांस आजही योग्य वाटतो. परंतु लग्न होतांच त्यांनीं ह्या निरक्षर मुलीस स्वतः शिकविण्यास आरंभ केला, हेंही खरें.

पुरुषांचा विरोध सभेंत होतो व त्यास सभेंत उत्तर देतां येतें. रमाबाईंस झालेला विरोध माजघरांतला होता. घरांत नात्यांतील वडील बायका होत्या. अबोला, टोमणे आणि कामाचा भार हीं त्यांचीं हत्यारें. इंग्रजी शिकविणाऱ्या गोऱ्या बाईच्या सहवासाचा विटाळ त्यांस वाटे; सुनेनें पुस्तक हातीं धरणें म्हणजे वडिलांचा अपमान, असा त्यांचा समज. रमाबाई उलट उत्तर देत नसत आणि अभ्यासही सोडीत नसत. ह्या दोन गोष्टी एकाच वेळीं करणें किती अवघड आहे, हें एकत्र कुटुंबांत दिवस काढलेल्या आमच्या वाचक भगिनी जाणतील. १८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व आर्य महिला समाज निघाला, त्यांत ह्या जाऊं लागल्या. १८८४ सालीं मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठीं गव्हर्नरसाहेबांसमोर त्यांनीं इंग्रजींत मानपत्र वाचलें. बाहेर ज्या भाषणाचें कौतुक झालें, त्याची शिक्षा घरांत भोगावी लागली. पुढें अशा कितीतरी मुलींस हेंच भोगावें लागणार होतें, आणि त्यांस काय सोसावें लागतें हें रमाबाईंस सांगण्याची कोणाला गरज पडली नाहीं.

१९०१ सालच्या जानेवारीच्या १६ तारखेस माधवराव वारले. त्यांच्या अखेरच्या दुखण्यांत रमाबाईंनींच त्यांची शुश्रूषा केली. येथें आम्ही क्षणभर थांबतों. घरांतील आजाऱ्याचें अंथरूण बदलणें, मलमूत्र काढणें, औषधाची वेळ सांभाळणें, रात्रीच्या रात्री बसून काढणें, हीं सर्व कामें आमच्या समाजानें स्त्रीकडे दिलीं, आणि तीं तिला उपजत येतात असें ठरवून टाकलें. ह्या एका समजुतींत पुढच्या सर्व अनर्थाचें बीज आहे. जें उपजत येतें तें शिकविण्यास वेळ व पैसा कशाला खर्चावा? जें धर्म म्हणून करावयाचें त्याचें वेतन तरी कशाबद्दल मागावें? आणि तेंच काम घराबाहेर, परक्याचें, पैसे घेऊन केलें, म्हणजे तें एकदम हलकें कसें होतें? पतीचे पाय चेपणारी पतिव्रता, आणि रुग्णाचे पाय चेपणारी संशयास्पद! काम एकच, फरक कोणाच्या अंगणांत केलें एवढाच.

वैधव्यानंतर सुमारें वर्षभर रमाबाई पुण्यांत जवळजवळ एकांतवासांत राहिल्या. त्यांतून बाहेर पडल्या त्या निराळ्याच वाटेनें. तुरुंगांतील स्त्रियांकडे त्या जाऊं लागल्या. सुधारणागृहांतील मुलांकडे खाऊ घेऊन जाऊं लागल्या. रुग्णालयांतील आजाऱ्यांस फळें, फुलें, पुस्तकें नेऊन देऊं लागल्या. रुग्णालयांतील ह्या फेऱ्यांत त्यांस जें दिसलें असेल त्याची कल्पना त्या काळची स्थिति पाहतां सहज येते. आमच्याकडील रुग्णालयांत परिचारिकेचें काम बहुतांशीं युरोपियन, अँग्लो-इंडियन व देशी ख्रिस्ती स्त्रिया करीत. गांवांतील सुईणपण ज्या बायकांकडे होतें त्या बहुधा खालच्या मानलेल्या जातींतल्या. बाळंतिणीस हात लावावयास त्या हव्या, आणि काम झाल्यावर त्यांची सांवली नको. ब्राह्मण-मराठ्यांच्या घरची मुलगी ह्या कामास जाईल, ही कल्पनाच कोणास सहन होणारी नव्हती.

त्या वेळच्या पुण्याचें सोंवळें केवढें नाजूक होतें, हें पंचहौद मिशनांतील चहावरून वाचकांस आठवेल. १८९० सालीं तेथें पेलाभर चहा पुढें केला गेला म्हणून शहरांतील मोठमोठ्या पुरुषांवर ग्रामण्य उभें राहिलें, आणि १८९२ सालीं खुद्द माधवरावांनीं प्रायश्चित्त घेतलें. पुरुषांच्या चहाच्या पेल्यास जर हा दंड, तर कोणत्याही जातीच्या माणसाचा पू पुसणाऱ्या विधवेस कोणता?

आणि तरीही स्त्रीच्या हाताची गरज सर्वांस पटलेली होती. परपुरुष वैद्यास नाडी दाखविण्यापेक्षां मरण बरें, असें मानणाऱ्या बायका घरोघर होत्या. त्यांच्यासाठीं १८८५ सालीं लेडी डफरिन फंड निघाला. १८८६ सालीं मुंबईस स्त्रियांसाठीं कामा हॉस्पिटल सुरू झालें. १८९७ च्या प्लेगांत गोरे शिपाई घरांत शिरून बायामाणसांस हात लावतात, ह्यावरून पुण्यांत किती क्षोभ झाला, तें येथें सांगण्याचें कारण नाहीं. त्याच सालीं सावित्रीबाई फुले प्लेगाच्या रुग्णांची सेवा करतां करतां त्याच रोगानें वारल्या. म्हणजे आपल्या बायकोमुलीस तपासण्यास व सांभाळण्यास स्त्री पाहिजे, हें सर्वांस मान्य. पण ती दुसऱ्याची मुलगी असावी, हेंही सर्वांस मान्य.

१९०८ सालीं बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल ह्यांनीं मुंबईस सेवासदन काढण्याचें योजिलें, तेव्हां ते मार्गदर्शनासाठीं रमाबाईंकडे आले. हिंदी स्त्रियांस रुग्णसेवेचें शिक्षण द्यावें, हें त्या कल्पनेचें एक प्रमुख अंग होतें. दुसऱ्याच वर्षीं, १९०९ सालीं, पुण्यास सेवासदन सुरू झालें. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांचे सहकारी होते. वर्ग रानड्यांच्या वाड्यांत भरूं लागले. लिहिणें-वाचणें, शिवण, शिक्षिकांची तयारी, हे विभाग लोकांनीं फारशी कुरकुर न करतां पत्करले. अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढून ती वाट थोडीबहुत मळून ठेविली होती. विधवेनें मास्तरीण व्हावें, इतकें पुणें आतां सोसूं शकत होतें. ससून रुग्णालयांत जाऊन परिचारिकेचें काम शिकावें, ही गोष्ट मात्र वेगळी होती.

शिक्षिकेचा आणि परिचारिकेचा फरक आम्हीं नीट लक्ष्यांत घेतला पाहिजे, कारण आजच्या विद्यार्थिनींची अडचणही तीच आहे. शिक्षिका मुलींस शिकविते, दिवसा शिकविते, आणि संध्याकाळीं घरीं परतते. परिचारिकेस पुरुषांच्या खाटांजवळ उभें राहावें लागतें, रात्रीं जागावें लागतें, उघडें शरीर पाहावें लागतें. ज्या मुलीस लहानपणापासून मान खालीं घालून चालण्यास शिकविलें, तिनें एकदम डोळे उघडून जखमेकडे पाहावें, पुरुषांची आज्ञा घ्यावी व पुरुष रुग्णांस आज्ञा करावी, अशी अपेक्षा. शरीरशास्त्राचा पहिला धडाच तिला घरच्या सर्व शिकवणुकीच्या उलट जातो. त्यांत ती बालविधवा असली, म्हणजे तिच्या प्रत्येक पावलावर गांवाचे डोळे.

रमाबाईंनीं ह्यावर जो उपाय केला त्यांत पांडित्य नव्हतें, व्यवहार होता. रुग्णालयांत शिकणाऱ्या मुलींसाठीं त्यांनीं वसतिगृह काढलें. तेथें राहणें, जेवणखाण, जाणें-येणें ह्या सर्वांवर देखरेख होती. मुलगी रुग्णालयांत एकटी पडलेली नाहीं, तिच्यामागें घर आहे, हें बापास व सासऱ्यास दिसत असे. त्या घराच्या दारावर नांव होतें रानड्यांचें. व्यापाऱ्यांस हुंडीवरील सहीची किंमत निराळी सांगावयास नको. रमाबाईंनीं आपल्या पतीच्या व स्वतःच्या लौकिकाची सही ह्या मुलींच्या हुंडीवर केली. एका मुलीविषयीं जरी भलतासलता बोभाटा उठला असता, तरी ती सही बुडाली असती, आणि संस्थेचे शत्रु त्याची वाटच पाहत होते. हा धोका त्यांनीं जाणून पत्करला. १९१५ सालीं पुण्याची संस्था स्वतंत्रपणें नोंदली गेली. पुढें तिच्या वसतिगृहांत वैद्यकीच्या विद्यार्थिनींसाठीं एक व शिकाऊ परिचारिकांसाठीं एक, अशीं निरनिराळीं वसतिगृहें उभीं राहिलीं. अन्नास महाग झालेली, भावाच्या घरीं मोलकरणीसारखी राबणारी बाई तेथून स्वतःच्या कमाईवर उभी राहून बाहेर पडूं लागली. एका विधवेच्या हातांत महिन्याकांठीं स्वतःचा पगार येणें, ही त्या काळीं केवढी क्रांति होती हें मोजण्यास आमच्याकडे माप नाहीं.

आतां रमाबाईंचे भक्त आम्हांवर रागावतील, पण एक गोष्ट बोलणें आम्हांस प्राप्त आहे. ज्या युक्तीनें हें दार उघडलें तिची किंमतही द्यावी लागली. परिचारिका सभ्य आहे हें सिद्ध करण्यासाठीं ती घरांतल्या बाईसारखीच आहे, असें समाजास पटवून द्यावें लागलें: तीच सोशिकता, तोच त्याग, तेंच आज्ञाधारकपण. त्याखेरीज १९०९ च्या पुण्यांत एकही मुलगी घराबाहेर पडली नसती, म्हणून रमाबाईंस आम्ही दोष देत नाहीं. दोष आमचा आहे. बोळा निघाला, पाणी वाहतें झालें, आणि आम्ही अजून बोळ्याचीच पूजा करीत आहों. त्यांनीं मुलीच्या संरक्षणासाठीं जे निर्बंध घातले ते आम्हीं जपून ठेविले. त्यांनीं तिच्यासाठीं जी स्वतःची पत पणास लावली, ती लावण्यास मात्र आमच्यांतील कोणी पुढें येत नाहीं.

आजच्या शिकाऊ मुलीस विचारा. वसतिगृहाचें दार तिच्यासाठीं लवकर बंद होतें, पण रात्रपाळीस तिला जावेंच लागतें. रात्रीं फिरणें अयोग्य व रात्रीं राबणें योग्य, असा हा न्याय आहे. आजारी माणसाचे नातेवाईक डॉक्टराशीं जपून बोलतात आणि आवाज चढवितात तो तिच्यावर. सिस्टर म्हणून हांक मारतात. पण बहिणीशीं कोणी तसें बोलत नाहीं. गेल्या साथीच्या काळांत पिंपरीच्या चव्हाण रुग्णालयांत व नेहरूनगरच्या मैदानावर उभारलेल्या मोठ्या तात्पुरत्या रुग्णालयांत ज्यांनीं पाळ्या केल्या, त्यांच्या कामांत ममता होतीच. पण प्राणवायूचें प्रमाण पाहून निर्णय घेणें हें ममतेचें काम नव्हे, शिकलेल्या डोक्याचें आहे. त्या डोक्याचा मान आम्ही क्वचितच करतों.

आणि मुलग्यांचें काय? कामच बाईचें ठरविल्यामुळें जो मुलगा तें शिकतो त्याच्या पुरुषपणाविषयीं थट्टा होते. शब्दही त्याच्यासाठीं नाहीं. सरकारी भरतीच्या जाहिरातींत पद असतें तें अधिपरिचारिकेचें. प्रसूतिशास्त्र त्याच्या अभ्यासक्रमांत आहे, पण प्रत्यक्ष शिकण्याची वेळ आली कीं अनेक ठिकाणीं त्याला प्रसूतिकक्षाच्या दाराशीं थांबावें लागतें. त्याच कक्षांत पुरुष डॉक्टर उभा असतो व त्यास कोणी हरकत घेत नाहीं! म्हणजे हरकत पुरुषास नसून पुरुषानें हलकें मानलेलें काम करण्यास आहे. १९४३ सालच्या वटहुकमानें लष्करी परिचर्या सेवा स्त्रियांसाठींच म्हणून रचली गेली, आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या धर्तीवरील सरकारी संस्थांत २०१९ नंतरच्या भरतींत शेंकडा ८० जागा स्त्रियांस ठेवण्यांत आल्या. स्त्रियांस मिळणाऱ्या जागांबद्दल आम्हांस असूया नाहीं; त्यांना इतर धंद्यांचीं दारें किती अरुंद आहेत हें आम्ही जाणतों. पण एखादें काम सर्वस्वीं बायकांचें म्हणून कुंपणांत घातलें, कीं त्याचा पगारही बायकांच्या कामाचाच राहतो, हा अनुभव लक्ष्यांत ठेवावा. आजारी पुरुषास उचलणें, वेड्यास सांवरणें, वृद्धास न्हाऊं घालणें, हें मुलग्यांनीं शिकावें असें रमाबाईंच्या वेळीं कोणी सुचविलें असतें तर तें नवल झालें असतें. आज तें नवल राहूं नये.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांतील एक गोष्ट आमच्या ह्याच भागांतली आहे. पुण्यांत मुलींस सक्तीचें प्राथमिक शिक्षण मिळावें म्हणून त्या झगडल्या, मुंबई इलाख्यांतील स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठीं फिरल्या; आणि प्रकृति थकत चालली असतांही, यात्रेच्या दिवसांत सेवासदनच्या स्त्रियांस बरोबर घेऊन आळंदीस जात राहिल्या. पिंपरी-चिंचवड व चाकण ह्यांच्या मध्यें, इंद्रायणीच्या कांठीं वसलेलें हें आळंदी आमच्या दाराशींच आहे. दूरदूरच्या खेड्यांतून पायीं आलेल्या वारकरी बायांची सेवा ह्या स्त्रिया तेथें करीत. पुण्याच्या वाड्यांतील बायकांनीं यात्रेच्या गर्दींत, उघड्यावर, जातगोत न विचारतां अशी सेवा करणें त्यापूर्वीं कोणी पाहिलें नव्हतें. १९२४ सालीं रमाबाई वारल्या, तेव्हां सेवासदनांत शिकणाऱ्यांची संख्या हजारावर गेली होती. भारत सरकारनें १९६२ सालीं, त्यांच्या जन्मशताब्दीस, त्यांच्या नांवाचें तिकीट काढलें.

चाकण, मोशी, भोसरी ह्या बाजूस ज्यांच्या चाळी व इमारती आहेत त्या आमच्या वाचकांस एवढेंच विचारावयाचें आहे, कीं येत्या वर्षीं परिचर्या शिकणारी मुलगी खोली मागण्यास आली, आणि तिनें आपल्या रात्रपाळ्यांचा कागद पुढें केला, तर ते काय उत्तर देतील? आणि तिच्यामागून तसाच एक मुलगा आला तर?